पालावरचे मूल बाल कल्याण समितीकडे गेले तर काय करावे

पालावरून मूल नेले असा निरोप आला की पहिल्या तासाभरात बहुतेक कुटुंबांकडून दोनपैकी एक चूक होते. एकतर सगळा गोतावळा पोलीस ठाण्याच्या दारात जाऊन आरडाओरडा करतो, नाहीतर पाल मोडून मंडळी रातोरात दुसऱ्या तालुक्यात निघून जातात. पहिली चूक निस्तरता येते. दुसरी मात्र फार महागात पडते, कारण ‘पालक मिळून आले नाहीत’ अशी नोंद एकदा झाली की मूल ‘परित्यक्त’ ठरवण्याची वाट त्याच कागदावरून सुरू होते. सांगली आणि सातारा जिल्ह्यांत पारधी, डोंबारी, कैकाडी, वडार, नंदीवाले अशा कुटुंबांच्या कागदपत्रांचे काम करताना जे शिकायला मिळाले, ते येथे मांडले आहे. आई-वडिलांसोबत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलाच्या ताब्याचा निर्णय करणाऱ्या समितीपुढे, जो माणूस जातो, मग तो शाळेतला शिक्षक असो, वस्तीवरचा चार बुके शिकलेला मुलगा असो, अंगणवाडी सेविका असो किंवा नवखा वकील असो, त्याच्यासाठी हे टिपण आहे.

पळून जाण्यामागची भीती मात्र आधी समजून घ्यावी, नाहीतर आपणच त्या कुटुंबावर चिडतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांची मुले आई-वडिलांपासून तोडून वेगळ्या सुधारगृहांत ठेवण्याची सोय सरकारने करून घेतली होती, हे फारसे सांगितले जात नाही. पुढे १९११ च्या कायद्यात आणि त्यानंतर १९२४ च्या कायद्यातही मुलांना पालकांपासून काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारशाळेत पाठवण्याचा अधिकार कायम राहिला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे या जमातींना डांबून ठेवण्याची वसाहत, आपल्याकडच्या अनेक घरांच्या आठवणीत आजही आहे. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. म्हणजे आज पालावर बसलेल्या आजीची आई त्या कायद्याखाली वाढलेली असू शकते. सरकारी गाडी आली की मुलांना उसाच्या फडात लपवायचे, हे त्या घरात कोणी शिकवावे लागत नाही.

आजचा कायदा तो नव्हे, हे कुटुंबाला शांतपणे आणि पुन्हापुन्हा सांगावे लागते. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा मुलाला शिक्षा देणारा किंवा केवळ मूल समितीकडे गेले म्हणून आई-वडिलांना आरोपी करणारा कायदा नाही, आणि बाल कल्याण समिती हे फौजदारी न्यायालयही नाही, जरी तिला प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार दिलेले आहेत. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असते व त्यांत किमान एक महिला असावीच लागते. तिच्यापुढे आई-वडील स्वतः उभे राहू शकतात, बोलू शकतात, कागद देऊ शकतात. खरी अडचण ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ या व्याख्येत आहे. घर किंवा कायमचा ठावठिकाणा नसलेले आणि उपजीविकेचे उघड साधन नसलेले मूल, तसेच भीक मागताना आढळलेले किंवा रस्त्यावर राहणारे मूल या व्याख्येत बसते. ज्या समाजाचे जगणेच फिरस्तीचे आहे, त्याचे जवळजवळ प्रत्येक मूल कोणा अधिकाऱ्याने मनात आणले तर या शब्दांत बसवता येईल. म्हणून व्याख्येतला ‘आणि’ हा शब्द नीट वाचावा. ठावठिकाणा नाही, एवढ्यावर व्याख्येचा हा पहिला भाग लागू होत नाही. उपजीविकेचे साधनही नसावे लागते. पाल हेच ज्यांचे घर आहे आणि जे ऊसतोड, भंगार, खेळ किंवा सुया-पोती विकून पोट भरतात, त्यांना साधन आहे, आणि ते कागदावर दाखवता येते.

पहिल्या दिवशी भांडण करू नये. माहिती गोळा करावी. मूल कोणी नेले, गणवेशातल्या पोलिसाने, जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या कर्मचाऱ्याने की १०९८ या हेल्पलाइनवरून आलेल्या माणसाने? किती वाजता, कोणत्या ठिकाणाहून, सोबत आणखी कोणती मुले होती, आणि त्या वेळी मोठे माणूस जवळ कोण होते? ही उत्तरे त्याच दिवशी वहीत तारीख-वार घालून लिहून काढावीत, कारण चार दिवसांनी प्रत्येकजण वेगळी वेळ सांगू लागतो आणि पुढचे सगळे त्या वेळेवर अवलंबून असते. कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मूल समितीपुढे हजर करावे लागते. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येते; त्यामुळे ‘आज समिती बसत नाही’ हे उत्तर पुरेसे नसते. समितीने महिन्यातून किमान वीस दिवस बसावे, असेही कायदा सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला घेऊन समितीच्या कार्यालयात जावे आणि लेखी अर्ज द्यावा. तोंडी विनंतीची कुठेही नोंद राहत नाही. अर्ज साधा असावा. वकिली भाषेची मुळीच गरज नाही. मी सहसा असे लिहून देतो:

‘मा. अध्यक्ष व सदस्य, बाल कल्याण समिती यांस. अर्जदार ही सदर बालकाची आई आहे. बालकास दि. … रोजी सायंकाळी … वाजता … येथून नेण्यात आले. मी बालकाचा त्याग केलेला नाही व करू इच्छित नाही. बालकाचा ताबा मला देण्यात यावा. निर्णय होईपर्यंत मला बालकाची भेट मिळावी, सामाजिक चौकशी आमच्या राहत्या ठिकाणी येऊन करण्यात यावी व आजवर झालेल्या आदेशांच्या प्रती मला मिळाव्यात.’

यातले चौथे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. बाकीचे काही विसरले तरी चालेल, पण ‘त्याग केलेला नाही’ हे शब्द आईच्या अंगठ्यासह आणि कार्यालयाच्या पोचेच्या शिक्क्यासह दफ्तरात गेलेच पाहिजेत. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत हजर केल्यापासून दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत, पालक सापडत नसतील तर मूल दत्तक देण्यास मोकळे असल्याचे समिती घोषित करू शकते. सहा वर्षांखालील मूल विशेष दत्तक संस्थेकडे ठेवले जाऊ शकते, त्यामुळे अगदी लहान बाळाच्या बाबतीत एक आठवड्याचीही ढिलाई परवडत नाही. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी काढतात. तो आदेश झाला की मग आपल्या भागातल्या माणसाला तीस दिवसांत पुण्यात विभागीय आयुक्तांकडे अपील करण्याची वाट उरते, आणि तोवर मूल दुसऱ्या घरात रुळलेले असते.

अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवावी आणि त्यावर आवक क्रमांक, तारीख व सही घ्यावी. कोणी पोच देण्यास नकार दिला तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. पोस्टाची पावती ही सुद्धा पोचच असते. या कामात आपल्या पाचशे शब्दांच्या भाषणापेक्षा दोन इंचांचा शिक्का अधिक बोलतो.

आता कागदपत्रांविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक प्रकरणे येथेच अडकतात. जन्मदाखला, आधार, रेशन कार्ड, जातीचा दाखला ही यादी कार्यालयात चटकन सांगितली जाते, आणि पालावर यांतले बहुधा काहीच नसते. म्हणून जे असेल त्यातून सुरुवात करावी. मिरजेला रेल्वेच्या बाजूला उतरलेल्या एका कुटुंबाकडे मी असाच गेलो होतो. आई सारखी ‘कागद न्हाई’ एवढेच म्हणत होती. आजीने उठून पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून खताच्या पिशवीत गुंडाळलेले एक पुडके काढले. त्यात विजेच्या बिलासारखे दिसणारे दोन कागद, एका लग्नाचा फोटो आणि माता-बाल संरक्षण कार्ड होते. कार्डाच्या कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या. पण आईचे नाव, उपकेंद्राचे नाव आणि गोवराच्या लसीसमोर परिचारिकेने निळ्या शाईत घातलेली तारीख शाबूत होती. मूल कोणाचे, कधी जन्मले आणि आईने त्याला लस द्यायला नेले होते का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका चौकोनात होती. हेळसांड झाली असा शेरा आधी पडलेला होता. त्याला उत्तर देण्यासाठी यापेक्षा चांगला पुरावा मला नंतरही कुठे मिळालेला नाही.

म्हणून आधी लसीकरणाचे कार्ड शोधावे. ते हरवले असेल तर ज्या उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत नोंद झाली तेथून नोंदवहीचा उतारा मागावा. मूल कधी शाळेत गेले असेल तर मुख्याध्यापकांकडून बोनाफाईड घ्यावे, मग ते एका वर्षाचे का असेना. मूळ गाव जत, आटपाडी, कवठे महांकाळ, माण किंवा फलटण तालुक्यात असेल तर तेथील ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि पोलीस पाटलाचे पत्र मिळवावे. ज्याच्या शेतावर किंवा भट्टीवर काम केले त्या मालकाने दोन ओळी लिहून दिल्या तर उपजीविकेचा मुद्दा सुटतो. आणि मुलाचा आई-वडिलांसोबतचा फोटो, मोबाइलमधला असला तरी, छापून जोडावा.

नावाचा गोंधळ जवळजवळ प्रत्येक वेळी असतो. घरी हाक मारण्याचे नाव एक, शाळेत गुरुजींनी लिहिलेले दुसरे, आणि मुलाने घाबरून सांगितलेले तिसरे. पारधी घरातले पाच वर्षांचे मूल घरात पारधी बोली बोलते. त्याला प्रमाण मराठीत ‘तुझ्या पालकांचे नाव सांग’ असे विचारले तर ते गप्प बसते, आणि अहवालात ‘बालक स्वतःविषयी माहिती देऊ शकत नाही’ असे वाक्य उमटते. समितीला लेखी विनंती करून बोली जाणणारी व्यक्ती चौकशीच्या वेळी बसवण्यास सांगावे. सगळी नावे एकाच मुलाची आहेत असे प्रतिज्ञापत्र आईने करून द्यावे. ही किरकोळ बाब वाटते, पण ज्या दोन प्रकरणांत मी महिनाभर हेलपाटे घातले, त्या दोन्हींत भांडण नावाचेच होते.

सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत पूर्ण व्हावी आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी कायद्याची मुदत आहे. ही चौकशी करणारा परिविक्षा अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता पालावर येईल तेव्हा कुटुंबाने तेथेच असावे. आल्यावर पाल झाडून-पुसून श्रीमंत दाखवण्याचा आटापिटा करू नये. खोटेपणा लगेच उघडा पडतो. चूल कुठे पेटते, पाणी कुठून आणतात, मूल कोणाजवळ झोपते, आई कामाला गेली की त्याला कोण सांभाळते, आजारी पडल्यावर कुठे नेतात, हे खरेखरे दाखवावे आणि सांगावे. मूल भीक मागताना आढळले असेल तर ते नाकारू नये, पण कोणी त्याला भीक मागायला लावले हा आरोप खरा नसेल तर तो मान्यही करू नये. मुलाला भिकेला लावणे हा याच कायद्यात वेगळा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. असा प्रश्न निघाला तर वकिलाशिवाय जबाब देऊ नये.

गरिबी आणि हेळसांड या दोन गोष्टी अधिकाऱ्यांच्या बोलण्यात फार सहज एकमेकींत मिसळतात. त्या वेगळ्या ठेवणे हे सोबत गेलेल्या माणसाचे मुख्य काम आहे. कायद्याचे तिसरे कलम त्यासाठी पाठ असावे. मुलाचा सांभाळ ही प्रथम जन्मदात्या कुटुंबाची जबाबदारी आहे, संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय आहे आणि मुलाला लवकरात लवकर आपल्या कुटुंबात परत जाण्याचा हक्क आहे, ही तिन्ही तत्त्वे त्यात लिहिलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ साली स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही केवळ गरिबीच्या कारणाने मूल पालकांपासून काढू नये असे म्हटले आहे. ऑस्ट्रेलियात उलटे घडले होते. न्यू साउथ वेल्समध्ये १९१५ च्या दुरुस्तीने आदिवासी मूल नेण्यासाठी न्यायालयात हेळसांड सिद्ध करण्याची अटच काढून टाकली. १९९७ च्या राष्ट्रीय चौकशी अहवालाने सुमारे १९१० ते १९७० या काळात दहापैकी एक ते तीनपैकी एक इतकी मुले अशी हिरावली गेल्याचा अंदाज मांडला, आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागायला २००८ साल उजाडले. आपल्याकडे कारण दाखवण्याची अट आजही कायद्यात आहे. ती वापरली नाही तर ती असून नसल्यासारखीच, म्हणून ‘कोणत्या कारणाने ताबा घेतला ते आदेशात नमूद करावे’ अशी मागणी लेखी करावी.

काही वेळा समितीचा आक्षेप खरा असतो, हेही मान्य केले पाहिजे. बाप दारू पिऊन मारतो, मुलीचे तेराव्या वर्षी लग्न ठरवले आहे, कर्जापोटी मूल कुणाकडे ठेवले आहे, अशा घरी मूल परत द्या म्हणून मी अर्ज लिहून देत नाही. पण अशा वेळीसुद्धा बालगृह हा एकच पर्याय नसतो. आजी, मावशी, चुलता यांच्यापैकी कोणी सांभाळायला तयार असेल तर त्याला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देण्याची विनंती समितीला करता येते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने मूळनिवासी मुलांच्या बाबतीत आधी नातेवाईक, मग स्वतःची जमात, असा क्रमच ठरवून दिला आहे. आपल्या कायद्यात जमातीचा उल्लेख नाही. म्हणून नातेवाइकांची नावे, पत्ते आणि संमतीपत्रे आपणच पहिल्या तारखेला समोर ठेवावीत. कोणी विचारेल याची वाट पाहू नये.

कुटुंब मूळचे दुसऱ्या जिल्ह्यातले किंवा कर्नाटकातल्या विजापूर, बेळगाव भागातले असेल, तर प्रकरण मूळ जिल्ह्याच्या समितीकडे वर्ग करून मागता येते. कलम ९५ मध्ये तशी तरतूद आहे. मिरज जंक्शनवर सापडलेल्या मुलांच्या बाबतीत ही मागणी मोठ्या कामाची ठरते, कारण घर ओळखणारी माणसे त्याच जिल्ह्यात असतात.

कोणत्याही कागदावर न वाचता अंगठा देऊ नये. विशेषतः मूल समर्पित करण्याचा दस्तऐवज वेगळा असतो. त्यावर अंगठा दिला म्हणजे आईने मूल स्वतःहून सोडले असे होते. चुकून किंवा दबावाखाली तसे झाले असेल तर फेरविचारासाठी दोन महिन्यांची मुदत असते. ती मुदत दिवस मोजून वापरावी.

वकिलाच्या खर्चाची भीती घालणारे बरेच भेटतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. येथे एक बारकावा आहे. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात. पण राजपारधी, कैकाडी, वडार, रामोशी हे आपल्या भागात विमुक्त जातींत मोडतात आणि त्यांच्या पुरुषाला जातीच्या आधारे ही सवलत मिळत नाही. त्यामुळे अर्ज नेहमी आईच्या नावाने करावा. सांगली आणि सातारा येथील जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, आणि १५१०० हा क्रमांक त्यासाठीच आहे.

समितीचा आदेश विरुद्ध गेला तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. समितीच्या कामकाजाविषयी तक्रार असेल, उदाहरणार्थ भेट नाकारणे किंवा प्रती न देणे, तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करावी. कायद्याने तेच तक्रार निवारण अधिकारी आहेत. मूल कोणत्याही आदेशाशिवाय अडवून ठेवले असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे अडवलेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका करता येते, आणि ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी ती कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे करता येते. मुंबईची रात्रीची गाडी आता धरावी लागत नाही.

या सगळ्या काळात मुलाचा फोटो आणि नाव व्हॉट्सॲपवर फिरवू नये किंवा बातमीदाराला देऊ नये. अशा मुलाची ओळख उघड करणे हा कलम ७४ खाली गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. चांगल्या मनाने केलेली पोस्ट शेवटी आपल्याच अंगाशी येते.

मूल परत मिळाले म्हणजे फाईल बंद झाली असे नाही. ताबा बहुधा देखरेखीच्या अटीवर मिळतो आणि सामाजिक कार्यकर्ता मधूनमधून घरी येतो. त्या आदेशाची प्रत प्लास्टिकच्या पाकिटात घालून पेटीत ठेवावी, एक प्रत शाळेत द्यावी आणि मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवावा. आई विधवा किंवा परित्यक्ता असेल, अथवा वडील आजाराने अंथरुणाला खिळलेले असतील, तर क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखाली महिना २,२५० रुपयांच्या मदतीचा अर्ज त्याच आठवड्यात जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करावा. नायगावच्या लेकीचे नाव असलेली ही योजना साताऱ्यातल्या कितीतरी पालांना ठाऊकच नसते. आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर निघण्यापूर्वी, कोणत्या कारखान्याच्या कोणत्या टोळीत जाणार, मूल सोबत नेणार की हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ ठेवणार आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, कधी परत येणार, हे एका कागदावर लिहून समितीला द्यावे व त्याचीही पोच घ्यावी.